तापट माणसाची लीनता : मोलोकाईच्या फादर डेमियन यांचं प्रकरण

2 ऑगस्ट 1889 रोजी होनोलुलूतले एक प्रोटेस्टंट धर्मोपदेशक, रेव्हरंड चार्ल्स हाइड, यांनी आपल्या परिचयाच्या दुसऱ्या एका रेव्हरंडांना पत्र लिहिलं. विषय होता साडेतीन महिन्यांपूर्वी हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोगाने वारलेले कॅथलिक धर्मगुरू फादर डेमियन. वर्तमानपत्रं त्यांचे गोडवे गात होती, तेव्हा हा माणूस खरोखर होता तरी कसा, अशी चौकशी त्या दुसऱ्या रेव्हरंडांनी केली होती. हाइड यांनी आडपडदा ठेवला नाही. माणूस आडदांड आणि गलिच्छ होता, हेकट होता, आपल्याच पंथाचं तेवढं खरं मानणारा होता. मोलोकाईला त्याला कुणी पाठवलं नव्हतं. तिथे ज्या सुधारणा झाल्या त्या आरोग्य मंडळाने केल्या. बायकांच्या बाबतीत त्याचं वागणं शुद्ध नव्हतं, आणि रोग जडला तोही त्याच्याच दुर्गुणांमुळे नि निष्काळजीपणामुळे.

पत्र खासगी होतं, पण छापून आलं. पुढच्या फेब्रुवारीत कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी त्याला जाहीर पत्राने उत्तर दिलं. स्टीव्हन्सन स्वतः प्रेस्बिटेरियन घरातले, कॅथलिकांची बाजू घेण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. डेमियन गेल्यावर महिना-सव्वा महिन्यात ते मोलोकाईवर जाऊन राहिले होते आणि ज्यांचं डेमियन यांच्याशी पटत नसे अशांनाही त्यांनी बोलतं केलं होतं. गंमत अशी की उत्तरात त्यांनी हाइड यांचे निम्मे आरोप कबूलच केले. आडदांड? असेल. गलिच्छ? होता. हेकट? होताच. बायकांबद्दलचं किटाळ मात्र त्यांनी ऐकीव कुचाळकी म्हणून झटकून टाकलं.

हे प्रकरण अभ्यासाला घ्यावंसं वाटतं ते या कबुलीमुळे. ख्रिस्ती माणूस ‘लीन’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे हळू बोलणारी, पडती बाजू घेणारी, कुणाला न दुखावणारी व्यक्ती येते. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जी नियमावली घालून दिली तिच्यात लीनतेच्या बारा पायऱ्या आहेत. शेवटच्या दोन पायऱ्या म्हणजे हळू, मोजकं, न हसता बोलणं आणि मान खाली, नजर जमिनीकडे ठेवून वावरणं. या पट्टीने मोजलं तर डेमियन सपशेल नापास. तरी 11 ऑक्टोबर 2009 रोजी चर्चने त्यांना संत घोषित केलं. मग त्यांच्यात लीनता होती की नव्हती? होती, तर नेमकी कुठे होती?

तीन बाजूंना समुद्र

कुष्ठरोगाचा फैलाव थांबवण्यासाठी हवाईच्या राज्यात 1865 साली कायदा झाला. रोग झाल्याचा संशय आला की माणसाला धरायचं, तपासायचं आणि मोलोकाईच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका भूशिरावर नेऊन सोडायचं. जागा अशी की तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला शेकडो मीटर उंचीचा सरळसोट कडा. वेगळी भिंत बांधायची गरजच नव्हती. जानेवारी 1866 मध्ये पहिली तुकडी उतरवली गेली. 1969 मध्ये सक्तीचं विलगीकरण संपेपर्यंत सुमारे 8000 माणसं तिथे पाठवली गेली आणि त्यांतली बहुतेक मूळ हवाईयन होती. सरकारचा हिशेब असा होता की रुग्ण शेती करतील, आपलं आपण भागवतील. बोटं झडलेल्या माणसांनी नांगर धरावा, ही अपेक्षा कागदावरच शोभणारी.

जोझेफ दे व्हस्टर, म्हणजे पुढचे डेमियन, यांचा जन्म 3 जानेवारी 1840 रोजी बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावी शेतकरी घरात झाला. अभ्यासात यथातथा, लॅटिन थोरल्या भावाकडून शिकलेले. हवाईला जायची पाळी खरं तर या थोरल्या भावाची होती, पण तो आजारी पडला. जोझेफनी स्थानिक वरिष्ठांना न विचारता थेट पॅरिसला दोघा भावांच्या धर्मसंघाच्या प्रमुखांना पत्र धाडलं: भावाच्या जागी मला पाठवा. परवानगी मिळाली. 1864 च्या मार्चमध्ये ते होनोलुलूला उतरले आणि मे महिन्यात त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. वरिष्ठांना वळसा घालून हवं ते मिळवण्याची ही खोड पुढेही गेली नाही, म्हणून इथेच नोंदवून ठेवली.

1873 च्या मे महिन्यात माउई बेटावर एका नव्या चर्चच्या आशीर्वादविधीसाठी सगळे जमले असताना बिशप मेग्रे यांनी मोलोकाईच्या रुग्णांचा विषय काढला. तिथे धर्मगुरू नाही, आणि कायमचा पाठवणं म्हणजे त्याला मरणाच्या दारात पाठवणं. चार तरुण धर्मगुरू पुढे आले. आळीपाळीने जायचं ठरलं. पहिली पाळी डेमियन यांची. 10 मे रोजी ते बिशपांबरोबर तिथे उतरले. चर्च म्हणजे एक छोटं लाकडी प्रार्थनाघर होतं, राहायला घर नव्हतं. सुरुवातीचे दिवस त्यांनी शेजारच्या केवड्याच्या जातीच्या झाडाखाली काढले. पाळी संपायच्या आतच त्यांनी कळवलं की मी इथेच राहतो.

म्हणजे ‘कुणी पाठवलं नव्हतं’ हा हाइड यांचा आरोप अर्धाच खरा. पाठवलं बिशपांनी, राहिले आपल्या हट्टाने.

होडीतून दिलेला कबुलीजबाब

पहिल्याच वर्षातला एक प्रसंग. डेमियन राहणार हे कळताच आरोग्य मंडळाने नियम कडक केला: जो आत गेला तो बाहेर येणार नाही. (ही अट काही महिन्यांनी सैल झाली.) कॅथलिक धर्मगुरूलाही पापनिवेदनासाठी दुसरा धर्मगुरू लागतो आणि तिथे तर दुसरा कुणी नव्हता. संघाचे वरिष्ठ फादर त्यांना भेटायला जहाजाने आले तेव्हा कप्तानाने त्यांना किनाऱ्यावर उतरू दिलं नाही. डेमियन छोट्या होडीतून जहाजाला जाऊन भिडले, तर त्यांना वर चढू दिलं नाही.

तेव्हा त्यांनी होडीत उभं राहूनच पापं सांगायला सुरुवात केली. वर कठड्याला वरिष्ठ, खाली हेलकावणारी होडी, मध्ये लाटांचा आवाज. साहजिकच ओरडून सांगावं लागलं. भाषा फ्रेंच वापरली, निदान खलाशांना तरी कळू नये म्हणून. दिलाशाचे आणि क्षमेचे शब्दही वरून ओरडूनच आले.

चरित्रकार हा प्रसंग त्यागाचा म्हणून सांगतात. मला तो वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. जिथे त्याच्याकडे शेकडो लोक ‘आपला तारणहार’ म्हणून पाहू लागले होते, जिथे वर्तमानपत्रांनी त्याला वीर ठरवून टाकलं होतं, तिथला हा तेहेतीस वर्षांचा तगडा माणूस चारचौघांसमोर ‘माझं अमुक चुकलं’ असं मोठ्याने सांगत होता, आणि ते टाळायला त्याच्यापाशी चांगलं निमित्त असताना. कॅप्टन चढू देत नाही, आता काय करणार, असं म्हणून परत फिरता आलं असतं.

‘आपण कुष्ठरोगी’

डेमियन यांच्याबद्दलची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट अशी सांगतात की एका रविवारी त्यांनी प्रवचनाची सुरुवात नेहमीच्या ‘माझ्या बंधूंनो’ ऐवजी ‘आपण कुष्ठरोगी’ अशी केली आणि त्यांनाही रोग झाल्याचं लोकांना कळलं. गोष्ट म्हणून उत्तम, पण घडलं ते वेगळं. मोलोकाईवर गेल्यानंतर सहा-सात महिन्यांतच त्यांनी भावाला लिहिलं होतं की ख्रिस्तासाठी सर्वांना मिळवावं म्हणून मी कुष्ठरोग्यांत कुष्ठरोगी झालो आहे, म्हणून प्रवचनात ‘आपण कुष्ठरोगी’ म्हणतो. तेव्हा त्यांना कसलाही रोग नव्हता. रोगाची खूण पटली ती अकरा वर्षांनी, डिसेंबर 1884 मध्ये: कढत पाण्यात पाय घातले, कातडीला फोड आले, पण चटका जाणवला नाही.

त्या वाक्यामागे पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र आहे, नवव्या अध्यायातलं. दुर्बळांसाठी मी दुर्बळ झालो, असं तिथे पौल म्हणतो. आणि त्याच्याही मागे फिलिप्पैकरांस पत्रातला दुसरा अध्याय आहे. ख्रिस्ताने देवाच्या बरोबरीचं असणं धरून ठेवलं नाही, स्वतःला रिक्त केलं, दासाचं स्वरूप घेतलं. त्याच अध्यायात आधी बजावलंय की पोकळ डौल मिरवण्याच्या बुद्धीने काही करू नका.

इथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळू नये. धडधाकट माणसाने ‘आपण कुष्ठरोगी’ म्हणणं ही लीनता की आगाऊपणा? ज्यांची बोटं गेली, ज्यांना लेकरांपासून तोडून आणलं, त्यांच्या दुःखात असा शब्दाने वाटेकरी होता येतं का? आजही सेवाकार्यात हे सर्रास दिसतं. गरिबांच्या वस्तीत चार दिवस राहून आलेला माणूस ‘आपली वस्ती’ म्हणू लागतो आणि वस्तीतली माणसं मुकाट ऐकून घेतात.

डेमियन यांच्या बाबतीत माझं उत्तर त्या वाक्यात नाही, त्यांच्या हातांच्या कामात आहे. त्यांनी जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. शवपेट्या ठोकल्या, त्याही शेकड्यांनी. आधी माणसं कशीबशी उथळ खड्ड्यात पुरली जात. 1874 च्या वादळात झोपड्या उडाल्या तेव्हा घरं बांधली, पाण्याचे नळ टाकले, अनाथ मुलामुलींसाठी घरं उघडली, गाणाऱ्यांचा ताफा उभा केला. सुरुवातीला पापनिवेदन ऐकताना जखमांच्या दुर्गंधीने त्यांना भोवळ येई, नाक दाबून पळून जावंसं वाटे. मग ते पाइप ओढू लागले, तंबाखूच्या वासाने तो वास झाकला जावा म्हणून. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मला दुर्गंधी येतच नाही, असा आव त्यांनी आणला नाही. किळस कबूल करून पुढे हात घालणं, इतकंच ते होतं.

एकाच वाडग्यातून

आता प्रकरणातला सर्वांत वादाचा भाग.

हवाईत अळूचा कंद शिजवून, कुटून पोई करतात आणि घरातली माणसं भोवती बसून एकाच वाडग्यात बोटं घालून खातात. आलेल्या माणसाने त्यात बोट घालायला नकार दिला तर तो यजमानाचा अपमान. डेमियन रुग्णांच्या घरी बसत, त्याच वाडग्यातून खात. आपला पाइपही दुसऱ्याला ओढायला देत.

1888 च्या नोव्हेंबरमध्ये मदर मॅरिएन कोप फ्रान्सिस्कन भगिनींना घेऊन मोलोकाईला आल्या. मूळच्या जर्मन, अमेरिकेत वाढलेल्या, तिथे रुग्णालय चालवलेल्या. त्यांची पद्धत उलट: हात धुवा, पुन्हा धुवा, स्वच्छतेत कसूर नको. आपल्या भगिनींपैकी एकीलाही हा रोग होणार नाही, असं त्यांनी ठामपणे सांगितलं होतं आणि तसंच झालं. स्वतः मदर मॅरिएन 1918 मध्ये वारल्या तोपर्यंत त्या मोलोकाईवरच होत्या. 2012 मध्ये चर्चने त्यांनाही संत घोषित केलं.

तेव्हा प्रश्न असा: वाडग्यात बोट घालणारा लीन की हात धुणारी?

प्रश्नाची मांडणी फसवी आहे, कारण दोन माणसं दोन वेगळ्या वेळी आली. डेमियन आले तेव्हा रुग्णांना कुणीच शिवत नव्हतं. अधिकारी लांबून बोलत. त्या क्षणी वाडगा नाकारणारा आणखी एक गोरा माणूस म्हणजे आधीच्यांत आणखी एकाची भर. (कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेत हॅन्सन यांना दिसला तोही 1873 मध्येच, रोग कसा पसरतो याबद्दल तेव्हा नुसते तर्क चालत.) बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूचा प्रतिकार करण्याची ताकद उपजत असते, हे आज माहीत आहे, डेमियन त्या बहुतेकांतले नव्हते. मॅरिएन आल्या तोवर पंधरा वर्षांत विश्वास कमावला गेला होता आणि आता गरज होती ती शिस्तीची. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना नीटनेटके कपडे मिळावेत, खोल्यांत उजेड असावा, यातही त्या मुलींचा मान होता.

पण यावरून डेमियन यांची अस्वच्छता लीनतेच्या खात्यात जमा करता येणार नाही. वाडगा ही एक गोष्ट, गलथान कारभार दुसरी. त्यांच्या मुलांच्या वसतिगृहाची अवस्था वाईट होती आणि त्याचा त्रास मुलांना होत होता. सेवा करणाऱ्याच्या साधेपणाची किंमत सेवा घेणाऱ्याने मोजायची, हे कुठल्याच शुभवर्तमानात बसत नाही.

सत्ता दिली तेव्हा

1877 च्या अखेरीस वसाहतीचा कारभारी वारला आणि आरोग्य मंडळाने कारभार डेमियन यांच्याकडे सोपवला. खरं तर इतका ओळखीचा, इतका कामसू माणूस. पण जमलं नाही. आरडाओरडा पुष्कळ, वचक काही नाही. लोक बिथरले, त्यांच्या जिवावर उठण्याच्या धमक्या आल्या आणि ते स्वतःच पद सोडायला उतावीळ झाले. थोड्याच काळात त्यातून बाहेर पडले.

दारू गाळणाऱ्यांच्या बैठका काठी घेऊन उधळून लावणारा हा माणूस. शेजारी बसला की लोकांना हवासा आणि खुर्चीवर बसला की नकोसा. योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो तेव्हा आधी जेवणावरून उठतो, बाह्यवस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो. वर बसून पाय धुता येत नाहीत. डेमियन यांना त्या गुडघे टेकण्याची सवय होती; वरून हुकूम सोडण्याचं कसब त्यांच्यात नव्हतं आणि ते नाही हे त्यांनी फार उशीर न करता ओळखलं. सेवाभावी संस्थांमध्ये नेमकं उलटं घडताना आपण पाहतो: चांगला कार्यकर्ता अध्यक्ष होतो, अध्यक्ष म्हणून नालायक ठरतो आणि तरी खुर्ची सोडत नाही.

पैसा, आणि एक लांबलेली बोलणी

डेमियन यांना रोग झाल्याची बातमी पसरली तसा बाहेरून पैसा येऊ लागला. लंडनमधल्या चॅपमन नावाच्या अँग्लिकन धर्मगुरूने मोठा निधी गोळा करून पाठवला. कॅथलिक माणसाला अँग्लिकनांनी पैसे द्यायचे, ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. होनोलुलूतल्या वरिष्ठांना हे सगळं टोचत होतं. याच्या पत्रांमुळे आपण याला उपाशी ठेवतो असं जगाला वाटतं, हा प्रसिद्धीला हपापलाय, अशी कुरबूर होती. त्यांची बाजू अगदीच चुकीची होती असं मला वाटत नाही. ‘उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये’ ही येशूची शिकवण सांगणाऱ्या माणसाची पत्रं युरोपभर छापली जात होती.

तर या चॅपमन निधीचं वाटप डेमियन यांनी ठरवलं ते फक्त कॅथलिकांसाठी, आणि तेही फारसा विचार न करता. आरोग्य मंडळाच्या बाजूच्या लोकांनी त्यांना बसवून सरळ शब्दांत सांगितलं की हे गैर आहे. पैसे सगळ्या रुग्णांसाठी आलेत. बोलणी लांबली. स्टीव्हन्सन यांनी ऐकलेली हकिकत अशी की अखेर चूक ध्यानात येताच डेमियन यांनी ती पूर्ण कबूल केली, यादी बदलली आणि उलट त्यांचेच आभार मानले. तुम्ही माझ्यावर उपकार केलेत, ही चोरी झाली असती, असं म्हणाले. स्टीव्हन्सन यांनी आणखी एक नोंद केलीय: या माणसाला चूक पटवायला तासन्‌तास अपमान करावा लागे, पण पटली की तो केलेलं निस्तरे आणि पटवणाऱ्यावर अधिक लोभ करू लागे.

हे वाचलं तेव्हा मला प्रकरणाची किल्ली हाती आली असं वाटलं. इथे हळू आवाज नाही की खाली मान नाही. भांडण आहे, हट्ट आहे, चढलेला आवाज आहे. पण भांडणाच्या शेवटी माणूस बदलतो आणि ज्याने बदलायला लावलं त्याच्यावर डूख धरत नाही. मृदू बोलणारी कितीतरी माणसं मला अशी माहीत आहेत जी टीका ऐकताना हसतमुख असतात आणि पुढची दहा वर्षं टीकाकाराला समितीवर येऊ देत नाहीत.

अर्थात याला मर्यादा होती. मुलांच्या वसतिगृहातल्या बजबजपुरीला अधिकारी ‘डेमियनचं चायनाटाउन’ म्हणत. ‘तुमचं चायनाटाउन वाढतंय हो,’ असं तोंडावर चिडवत. चिनी माणसांवर घसरणारी ही थट्टा आज कानाला खटकते, पण त्या काळची ती रीत. डेमियन दिलखुलास हसत आणि आहे तसंच चालू ठेवत. म्हणजे अपमान गिळण्याची लीनता होती, सुधारण्याची त्या एका बाबतीत नव्हती. पैशाच्या बाबतीत ऐकलं, केरसुणीच्या बाबतीत नाही. संतांनाही सगळे विषय सारखे जात नाहीत म्हणायचे.

पंथाचा मुद्दाही असाच गुंतागुंतीचा. डेमियन यांना आत्मे जिंकायचे होते, ते त्यांनी कधी लपवलं नाही, आणि दुसऱ्या पंथीयांबद्दल त्यांची मतं कडवी होती. सेवेआड धर्मप्रसार हा आपल्याकडे तापलेला विषय, म्हणून हे सांगणं भाग आहे. पण रोजच्या जगण्यात त्यांची मैत्री जोनाथन नापेला या मॉर्मन पंथाच्या हवाईयन माणसाशी होती. पुस्तकी मतं एकीकडे आणि समोरचा माणूस एकीकडे असं झालं की डेमियन यांच्यातला शेतकरी बहुधा माणसाकडे झुकत असे.

जे आधीपासून तिथे होते

नापेला यांचं नाव आलंय तर थोडं थांबू. ते प्रतिष्ठित हवाईयन घराण्यातले, निरोगी. बायकोला, किटीला, रोग झाला म्हणून 1873 मध्ये तिच्याबरोबर मोलोकाईला गेले. तिथल्या कारभारात काम केलं, पुढे त्यांनाही रोग झाला आणि 1879 मध्ये ते तिथेच वारले. आजारी माणसाबरोबर आपणहून जाणाऱ्या अशा नातेवाइकांना हवाईत ‘कोकुआ’ म्हणत, म्हणजे मदतनीस. बायका नवऱ्यांमागे गेल्या, आया मुलांमागे गेल्या. त्यांच्यावर कुणी जाहीर पत्रं लिहिली नाहीत.

आणि डेमियन यायच्या साडेसहा वर्षं आधी, डिसेंबर 1866 मध्ये, 23 पुरुष आणि 12 स्त्रिया अशा 35 रुग्णांनी वसाहतीतल्या कालावाओ इथे स्वतःची प्रोटेस्टंट मंडळी स्थापन केली होती, सिलोआमा नावाची. पाळक कुणी आला नव्हता. तिथे देव पोचला तो गोऱ्या माणसाच्या बोटीतून, अशी कथा सांगताना ही तारीख आठवावी.

2020 मध्ये अमेरिकेत याच मुद्द्यावर थोडी खडाजंगी झाली. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये हवाई राज्याच्या वतीने 1969 पासून डेमियन यांचा पुतळा आहे; मूळ हवाईयनांऐवजी बाहेरून आलेला गोरा माणूस का, असा सवाल एका लोकप्रतिनिधीने केला. कॅथलिकांना राग आला. मला सवाल रास्त वाटतो आणि पुतळाही. दुसरा पुतळा हवाईचा राजा कामेहामेहा याचा आहे, हे त्या गदारोळात फारसं कुणी सांगितलं नाही.

जिवंतपणी रुग्णांशी भांडून का होईना बोलणारा हा माणूस. मेल्यावर मात्र त्याच्याबद्दल रुग्णांना कुणी विचारलं नाही. ज्या झाडाखाली पहिले दिवस काढले तिथेच त्यांना पुरलं होतं. 1936 मध्ये बेल्जियमच्या मागणीवरून त्यांचे अवशेष उकरून मायदेशी नेले. राजा स्वतः अँटवर्पला स्वागताला उभा होता. मोलोकाईच्या रुग्णांना हे पसंत नव्हतं. 1995 मध्ये त्यांचा उजवा हात तेवढा परत आला.

सेवा घेण्याची पाळी

पाय धुण्याच्या प्रसंगात लोक येशूवर थांबतात. पेत्राकडे पाहायचं राहून जातं. ‘तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत’ असं तो म्हणतो. ऐकायला केवढी नम्रता! येशू त्याला उत्तर देतो की मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. स्वतः सेवा करत राहणाऱ्याला दुसऱ्यापुढे पाय पसरणं जड जातं.

1886 मध्ये डेमियन यांना होनोलुलूला जाऊन एका जपानी डॉक्टरांचे उपचार घ्यायचे होते. वरिष्ठांनी येऊ नये असं सुचवलं. रोगी धर्मगुरू मिशनच्या घरात कसा ठेवायचा? डेमियन तरीही गेले, नेहमीप्रमाणे. तिथल्या रुग्णालयात मदर मॅरिएन यांनी त्यांची नीट सोय केली आणि त्यांनी ती करून घेतली. त्याच उन्हाळ्यात जोसेफ डटन नावाचे अमेरिकन गृहस्थ मोलोकाईवर येऊन थडकले. यादवी युद्धातले जुने सैनिक, मोडलेला संसार, दारूत गेलेली वर्षं, आणि आता प्रायश्चित्त म्हणून काहीही काम द्या म्हणणारे. कुठल्या संघाचे सदस्य नाहीत, शपथ नाही. डेमियन यांनी त्यांना ठेवून घेतलं. पुढे आणखी धर्मगुरू आले, भगिनी आल्या. 15 एप्रिल 1889 रोजी, पवित्र आठवड्यातल्या सोमवारी, 49 व्या वर्षी डेमियन वारले तेव्हा कामाला माणसं होती.

डटन तिथे 1886 पासून 1930 पर्यंत राहिले आणि 1931 मध्ये होनोलुलूत वारले. स्टीव्हन्सन आले तेव्हा त्यांना ती कुप्रसिद्ध वसतिगृहं दाखवणारे डटनच होते. खोल्या कोंदट आणि काळोख्या होत्या, आणि त्यांनी कसली सारवासारव केली नाही. भगिनी या वसतिगृहांतही येतील तेव्हा त्या हे ठीक करतील, एवढंच म्हणाले. 1890 च्या दशकात मुलांसाठी नवी वास्तू उभी राहिली आणि तिचा कारभार डटन यांच्याकडे आला. ते टापटिपीचे होते, हिशेबाचे पक्के होते, आवाज चढवत नसत. मुलांना स्वच्छ बिछाने मिळाले ते तेव्हा. डेमियन यांच्या हयातीत नाही.